मोहनचे एकोणतीस गुण

१८ ऑगस्ट १९९१, रविवार
मोहन आला. गाडीतून. पांढरी, कोरी, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. आमच्या गल्लीत वळेना तरी थेट जिन्याशी आणून लावली. गॅलऱ्यांतून सगळी बिल्डिंग बघत होती. मीही बघत होतो, दाराआडून.

मीनाने थालीपीठं केली. त्याच्या पानात लोण्याचा गोळा पडला तो माझ्या पानातल्यापेक्षा मोठा होता. मी मापं काढत नाही, पण दिसतं ते दिसतं. "वहिनी, असं थालीपीठ खायला डोंबिवलीच गाठावी लागते." वहिनी म्हणे! लग्नाआधी हिलाच बघायला गेला होता, कांदेपोहे खायला. मग ऑफिसात येऊन मला म्हणाला, "पत्रिका जमली नाही रे. मुलगी छान आहे. तुमच्याकडे पत्रिका बघत नाहीत ना? तू बघ." मी बघितली, केली. त्याने सोडलेल्या जागेवर बसलो. आणि कंपनीत जी एक जागा उरली तिच्यावर तो बसला. हिशेब बरोबर आहे, पण मला पटत नाही.

१९ ऑगस्ट
काल मुख्य गोष्ट लिहायची राहिली. मुद्दामच राहिली असेल. मो. अमेरिकेला चाललाय, नोव्हेंबरात, कंपनीतर्फे. सांगितलं कसं, तर लोणचं मागता मागता.

मार्चमध्ये आमच्या ऑफिसातला कपाटाएवढा कॉम्प्युटर भंगारात गेला आणि त्याच्यामागून मी. त्याआधी मो. म्हणाला होता, चल, दोघं पीसीचा क्लास लावू. मी म्हटलं, ही खेळणी वर्षभरात बंद पडतील. आता तो पीसीवर काम करतो आणि खेळणं माझ्याकडे आहे. टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, जुना घेतलेला, प्रोग्रॅम कॅसेटवर. टेपचा आवाज एका ठरावीक जागीच असला तर प्रोग्रॅम चढतो, नाहीतर नुसतं किंचाळणं. ती जागा सापडावी म्हणून बटणावर मीनाच्या नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

२५ ऑगस्ट, रवि.
ठाण्याला गेलेलो. टेंभी नाक्याजवळ परांजपेबाईंचं वधूवर सूचक केंद्र आहे. बाई गुणमेलन हाताने करतात, पंचांग आणि कोष्टकं मांडीवर घेऊन. म्हटलं, कॉम्प्युटर हे मिनिटात करेल.
"करून दाखवा. घटस्थापनेनंतर या. जमलं तर तुम्हालाच इथे बसवते, मला आता डोळ्यांनी होत नाही."
म्हणजे नोकरीच की! छोटी, पण खुर्ची आपली.
मी पत्रिका मानत नाही. चंद्र मानतो. जन्मवेळी चंद्र कुठे होता ते काढायचं, बाकी कोष्टक. हे निव्वळ गणित आहे आणि गणितात मी मोहनला कधी हार गेलो नाही.

८ सप्टेंबर, रवि.
चंद्र आला! महिनाभराच्या पंचांगाशी ताडून पाहिला, नक्षत्र चुकत नाही. मीनाला दाखवायला हाक मारली तर म्हणाली, "चंद्र राहू दे, आता मला माझा टीव्ही द्या." सकाळची मालिका. दिला.

आता चाचणीला जोडपी हवीत. माझी स्वतःची पत्रिका होऊच शकत नाही. कल्याणला जाऊन आईला जन्मवेळ विचारली. "मिलचा भोंगा झाला आणि तू झालास."
"कुठला भोंगा? सकाळी सातचा की दुपारी तीनचा?"
"मी कळा देत होते, भोंगे मोजत नव्हते."
मुलगी बघायला गेलो तेव्हा 'आम्ही पत्रिका मानत नाही' असं काय रुबाबात सांगितलं होतं आमच्या घरच्यांनी! मानायला होती कुठे?

१५ सप्टेंबर, रवि.
शेजारच्या गणपतीच्या दर्शनाला सगळ्यांना बोलावणं होतं, मो. पण आला. मनगटावर नवं घड्याळ, त्यात टेलिफोन नंबर साठवता येतात. त्याच्या घरी टेलिफोन आहे, म्हणून साठवायला नंबर आहेत. माझं काम बघून म्हणाला, "माझी पत्रिका घाल ना, अमेरिकेत टिकतो का बघ." जन्मतारीख, वेळ, सगळं तोंडपाठ. रात्री अडीचचा जन्म.

तो गेल्यावर डोक्यात आलं. प्रोग्रॅम तपासायला नापास होणारं उदाहरणही लागतं, आणि ते माझ्या घरातच आहे. मोहन आणि मीना. पत्रिका जमली नाही, हे ठाऊकच आहे. अठराच्या खाली यायला हवेत.

घातली दोघांची. उत्तर आलं: २९.

१६ सप्टेंबर
चूक आहे. कोष्टकात कुठेतरी.

१९ सप्टेंबर
कोष्टकात नाही. एकेक ओळ पंचांगाशी जुळवली. बिल्डिंगमधली इतर जोडपी बरोबर येतात. सेक्रेटरी आणि त्यांची बायको, जे रोज जिन्यात भांडतात, त्यांचे चोवीस. तेवढेच पंचांगानेही.
मोहन-मीना एकोणतीस. हाताने केलं तरी एकोणतीस.

२२ सप्टेंबर, रवि.
म्हणजे त्यांचा जोशी चुकला. जोशाने नीट बघितलं असतं तर मीना आज स्वेटर विणत बसली असती. अमेरिकेसाठी. त्या गाडीत पुढच्या सीटवर. आणि मी कुणाकडे पोहे खात हिंडलो असतो कोण जाणे.
मला मोहनचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. त्याच्या गाडीचा, घड्याळाचा, रंगीत मॉनिटरचा तर वाटतोच, ते रोजचंच आहे. पण कुणी परत केलेल्या ताटाचं आपण पक्वान्न म्हणून कौतुक करावं आणि मग कळावं की परत करणाऱ्याचा पत्ता चुकला होता, ताट त्याचंच होतं, हे फार लागतं.
मीना विचारत होती, "कुणाची पत्रिका एवढी बघताय?"
"गिऱ्हाइकाची."
"मग तोंड का असं?"

२९ सप्टेंबर, रवि.
सापडली!! चूक सापडली. पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो. मोहन रात्री अडीचचा. म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने तो आदल्या दिवसाचा. सूर्योदयाआधीचे सगळे जन्म एक दिवस मागे घेतले. मोहन-मीना: अकरा.
अकरा! छत्तीसात अकरा!
बाजारात जाऊन जिलबी आणली. मीना म्हणाली, "पितृपक्षात जिलबी? काय झालं एवढं?" म्हटलं, बग सापडला. "किडा सापडला म्हणून जिलबी," म्हणाली आणि दोन खाल्ल्या.

११ ऑक्टोबर, शुक्र.
हे लिहायचं जिवावर आलंय, पण लिहितो.

ठाण्याला मोहननेच सोडलं. कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर, वायरी एवढं सामान बघून मीनाने परस्पर त्याला सांगितलं होतं. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो. मी मांडीवर कॉम्प्युटर धरून, तो शीळ घालत. त्याच्या गाडीतला टेप कुठल्याही आवाजावर वाजतो. ठिपका लागत नाही. टेंभी नाक्याला देवीच्या मांडवामुळे रस्ता बंद. अलीकडेच उतरवलं. "बेस्ट लक, श्री." मनापासून म्हणाला, तेच खटकतं.

बाईंनी स्वतःचा टीव्ही मोकळा करून ठेवलेला. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चढला. पहिलं जोडपं चोवीस, बाईंच्या कोष्टकातही चोवीस. दुसरं वीस, वीस. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. तिसऱ्यात मुलगा रात्री तीनचा. माझे आले नऊ.
"माझे सव्वीस आहेत."
"हाताने कधी कधी चूक..."
"हे माझे जावई आहेत. नऊ गुणांत दोन नातवंडं झाली म्हणायची."

चष्मा लावून बाईंनी पडद्यावरची तारीख बघितली. म्हणाल्या, "अहो, दाखल्यावरची इंग्रजी तारीख रात्री बारालाच बदललेली असते. चंद्र त्या तारखेने, त्या वेळेला बघायचा. तुम्ही आणखी एक दिवस मागे का नेलात?"
इतकं साधं. मला समजत नव्हतं असं थोडंच आहे? अकरा बघितल्यावर पुढे बघितलंच नाही.
म्हटलं, एक माहितीचं उदाहरण होतं, पत्रिका न जुळलेलं. त्याच्यावरून केलं.
"न जुळलेलं कोण म्हणालं?"
"मुलगाच."
"त्याला कुणी सांगितलं?"
बाई हसल्या, पण वाईट नाही.
"इंजिनियर आहात तुम्ही! अहो, तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून पत्रिका जुळत नाही असं कळवायचं. सगळेच तसं कळवतात. माझ्याकडे तर त्याची छापील कार्डं आहेत. नकार कुठल्या बाजूचा होता ते आधी विचारा, मग चंद्र हलवा."

तुळशीच्या लग्नाआधी दुरुस्त करून आणायचं ठरलं. तोवर आणखी एकजण त्यांना दाखवून जाणार आहे. त्याच्याकडे पीसी आहे. असणारच.
येताना बसने. सामान मांडीवर.

१२ ऑक्टोबर
मीना मेथी निवडत होती. समोर बसलो, चार काड्या मीही निवडल्या, मग विचारलं, "मोहनने तुला नकार का दिला होता?"
"मोहननी? मला?" काडी हातातच राहिली. "अहो, आम्ही दिला नकार."
"पत्रिका..."
"पत्रिका उघडलीसुद्धा नव्हती. बाबांनी कार्ड टाकलं, जुळत नाही म्हणून. दुसरं काय लिहिणार? तुमचा मुलगा पसंत नाही असं लिहितात का कुणी?"
"मग तो मला म्हणाला..."
"त्याला जे कळवलं ते त्याने तुम्हाला सांगितलं. त्यात तो कुठे खोटं बोलला?"
मी विचारलं, पण नकार का? मीना जरा आठवल्यासारखं करून म्हणाली, "पोहे छान झालेत म्हणून तीनदा म्हणाला. केले होते काकूंनी. काकू खूश झाल्या, मी नाही."

म्हणजे इतकी वर्षं मी उगाच. ज्याला मी नाकारणारा समजत होतो तो नाकारलेला आहे. आणि त्याला अजून माहीत नाही! आज पूर्ण दिवस मोहनचा हेवा वाटला नाही. दाढी करताना शीळ घातली. त्याचीच होती, पण घातली.

२० ऑक्टोबर, रवि.
मो. आला, पीसी घेऊन. दोघांनी उचलून वर आणला. "मी तिकडे, हा इथे धूळ खात बसणार. तू वापर, शीक. परत मागणार नाही." रंगीत मॉनिटर. लावल्यावर खोली निळी झाली.
नको म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "कीबोर्ड पण आहे ना?"
जेवताना त्याच्या पानात लोणी मी वाढलं. भरपूर. त्याने विचारलं, "काय रे, पत्रिका घातलीस का माझी? टिकतो का अमेरिकेत?"
"एकोणतीस."
"कशात एकोणतीस?"
मीनाला एव्हाना सगळं सांगून झालं होतं; ती ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी होती, हसू दाबताना पाठ हलत होती. म्हटलं, "असंच. चांगले आहेत."
त्याला सांगून टाकावं असं क्षणभर आलं मनात. पण तो इतका खूश होता. आणि पीसी नुकताच वर आणला होता.

२४ ऑक्टोबर
प्रोग्रॅम दुरुस्त. बाईंचे जावई सव्वीसवर. मोहन-मीना पुन्हा एकोणतीस, राहू देत. आता हेच पीसीवर बसवायचं, शिकत शिकत. सोपं आहे. खेळणी म्हणालो होतो, ते कुणाला सांगत नाही. मीनाने मॉनिटरवर क्रोशाचा रुमाल घातलाय.

२७ ऑक्टोबर, रवि.
सकाळी मालिका संपल्यावर मीना चांगल्या मूडमध्ये होती. आता प्रश्न एकच उरला होता, तो मी विचारायला नको होता.
"त्याला नाही म्हटलंस. मग मला हो का म्हटलंस?"
तिने चहाचे कप उचलले. "तुमची पत्रिकाच आली नव्हती. नाही म्हणायचं तर बाबांनी कार्डावर लिहायचं काय?"
हसली आणि आत गेली.

चेष्टा आहे. चेष्टाच असणार, ती हसत होती. पण आत नळ सुरू झाला आणि पुढे हसली की नाही ते ऐकू आलं नाही. परत जाऊन विचारलं तर म्हणाली, "तेवढा ओला टॉवेल वाळत घाला."
घातला.

मोहन पुढच्या आठवड्यात जाणार. बाईंकडे त्याआधी जायचंय, तो सोडतो म्हणाला. पीसी सुरू आहे, मीनाची जन्मवेळ त्यात घातलेली आहे, शेजारचा रकाना रिकामा.
उद्या कल्याणला आईकडे जातो. सातचा की तीनचा, एकदा नीट विचारून घेतो.