नाव न घेता टाकलेली आगारी

४ एप्रिल
अखेर पोहोचले! अमळनेरहून एसटीने धुळे, तिथून नरडाण्याच्या दिशेने वडापची जीप, आणि फाट्यावर उतरून पायी सारवेखेडे. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटते. पण मन हलकं आहे. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकून घरी धूळ खात ठेवल्या. आता तीच जीभ कामाला येणार. पोलाद कंपनीत लोकसंपर्क अधिकारी. बारा मेला गावात जनसुनावणी आहे. कंपनीला दुसरी भट्टी उभारायची आहे आणि गावाचं मन वळवायचं काम माझं.

कोणी म्हणेल, मेघा विकली गेली. म्हणू दे. आमची पोरं पोटासाठी सुरतेच्या लूमवर जाऊन बहिरी होतात, हे मी प्रत्येक व्यासपीठावर ओरडून सांगितलं आहे. काम इथे आलं तर त्याला विरोध कशाच्या जोरावर करू? पोलादाशिवाय पूल नाही, पंप नाही, दवाखान्यातली खाटही नाही.

झुंबरबाईंच्या घरी खोली मिळाली. एकट्याच असतात. खोली त्यांच्या मुलाची, सुपडूची. तो कंपनीतच भट्टीवर होता. दिवाळीनंतर काम सोडून सुरतेला गेला म्हणे. खुंटीवर त्याचा शर्ट अजून आहे. मी काढू का विचारलं तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, येताच लागेल त्याला.

९ एप्रिल
आज कारखाना पाहिला. मॅनेजर चंदन सर स्वतः घेऊन फिरले. मी भारावून गेले, हे प्रामाणिकपणे लिहिते.

आधी भंगाराचं मैदान. जगभरातून कंटेनर येतात. फोडलेल्या जहाजांचे पत्रे, चेपलेल्या मोटारी, रणगाड्यांची भोकाभोकांची जाड चिलखतं, कुठल्याशा लढाईतली. एका रुग्णवाहिकेचं दार होतं, त्यावर मला न वाचता येणारी लिपी. एक लहान मुलाची तीनचाकी. सर म्हणाले, इथे सगळे धर्म, सगळे देश एक होतात. वाक्य चोरण्यासारखं आहे.

मग भट्टी. क्रेनने भंगार आत पडतं आणि वितळून त्याचा रस होतो. कामगार रसच म्हणतात. मी काठाजवळ उभी राहिले तर चेहऱ्याची कातडी ताणली गेली. भट्टीवरचा मुकादम रुपचंद मला मागे ओढून म्हणाला, ताई, आठे वाकू नका. त्याच्या पायात फाटक्या स्लीपर होत्या. मी सरांना बुटांचं विचारलं. ठेकेदाराकडे आहेत म्हणाले.

१७ एप्रिल
घरोघरी फिरते आहे. गावाची तक्रार खोटी नाही. बिब्बडांचा हंगाम आहे, गच्च्यांवर ज्वारीचे हे पापड वाळत घातलेले, आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर काळी पूड. झुंबरबाईंनी एक उचलून माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, "ले, खा. कंपनीना मसाला शे, फुकट." बायका हसल्या. मीही हसले. मग त्या खोकल्या आणि बराच वेळ खोकतच राहिल्या.

सरांना सांगितलं की धूर गाळायचं यंत्र चालू ठेवा. ते म्हणाले, सुनावणीच्या दिवशी चालू असेल.

हे मला आवडलं नाही. पण आत राहून भांडता येतं, बाहेरून फक्त घोषणा देता येतात.

कंपनीने गावाला एक चांगली गोष्ट दिली आहे: सभामंडप. सळया कंपनीच्याच, दान. सुनावणी तिथेच होणार. झुंबरबाई दुपारभर तिथे एका खांबाला टेकून बसतात. मंडपात सावली असूनही तो खांब माणसाच्या अंगासारखा कोमट लागतो. मी म्हटलं, आई, घरात बसा, गार आहे. तर म्हणाल्या, "आठेच बरं वाटस माय."

२६ एप्रिल
मला एक कल्पना सुचली आणि सर खूश झाले!

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. आमच्या खान्देशात त्या दिवशी घरोघर घागर भरतात आणि आगारी टाकतात. निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास ठेवायचा आणि घरच्या मेलेल्या माणसाला नावाने जेवायला हाक मारायची. म्हटलं, यंदा गावाने कारखान्यात यावं आणि भट्टीलाच आगारी टाकावी. एवढा मोठा निखारा कुठे मिळणार? माणसं ज्या आगीला भितात, तिच्याशी नातं जोडून द्यायचं. भाषण मी करणार.

झुंबरबाईंना विचारलं, तुमच्याकडे यंदा घागर की डेरगं? वर्षात कोणी गेलं असेल तर घागरीऐवजी डेरगं भरतात, म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. म्हणाल्या, "घागरच. मना आंडोर सुरतले शे."
मुलाचा फोन येतो का, हे विचारायचं राहून गेलं. नाही, राहून नाही गेलं. धीर झाला नाही.

३० एप्रिल, आखाजी
गाव आलं. आमरस, पोळ्या, कुरडया, कंपनीचा खर्च. पोरी झोक्यावरची गाणी म्हणत आल्या. भट्टीचं झाकण उघडलं, तूप पडलं, ज्वाळ छतापर्यंत गेली. आणि मी बोलले. इतकी चांगली मी कधी बोलले नव्हते. शब्द आपोआप येत होते. शेवटी हात उंचावून म्हणाले: ज्यांची घागर कोणी भरली नाही, ज्यांना निरोप कोणी दिला नाही, या लोखंडात ज्यांचा ज्यांचा अंश आहे, त्या सर्वांनी आज यावं! मी बोलावते. जेवून जावं!

टाळ्या पडल्या. सरही टाळ्या वाजवत होते. फक्त रुपचंद तोंडावर गमछा दाबून बाहेर गेला.

घरी येताना झुंबरबाई माझ्या पुढे चालत होत्या. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "नाव नै लेता कोले बलायं व माय?" आगारीला नाव घ्यावंच लागतं म्हणे. नाव घेतलं की तोच येतो, जेवतो, परत जातो. बिननावाने हाक मारली तर कोण येईल सांगता येत नाही, आणि आलेल्याला परत जायची वाट नसते.

मी म्हटलं, आई, ते भाषण होतं.

२ मे
पोटाचं काहीतरी बिघडलं आहे. जे खाते त्याला लोखंडाची चव. भाकरी, ताक, पाणीसुद्धा. जीभ चावल्यावर रक्त लागतं तशी.

आखाजीला भरलेली घागर आज दुपारी कोरडी होती. गळत नाही. झुंबरबाईंनी पुन्हा भरली. जेवण होईपर्यंत पुन्हा कोरडी, आणि तळाशी गंजाचा लाल थर.

ऊन आहे. पंचेचाळीसच्या वर. पाणी उडतंच.

४ मे
दुपारी जेवायला बसले. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारं बंद, पंखा चालू. समोरून झळ आली. चुलीसमोर बसल्यावर येते तशी, पण समोर भिंत होती. ताटातल्या पोळीची माझ्याकडची बाजू मऊ होती. पलीकडची काळी पडत गेली, माझ्या डोळ्यांदेखत, घासाघासाएवढी.

मी ताट तसंच ठेवून उठले.

खुंटीवरच्या शर्टाची कॉलर करपली आहे.

५ मे
भास म्हणायला मी तयार होते. मी विवेकाची भाषणं करते, भुताखेतांवर हसते. पण बिब्बडं पाहिली. आज वाळत घातलेल्या प्रत्येक बिब्बडाला कडेने चावा आहे. चाव्याची कड जळलेली. बायका माकडांवर ढकलत आहेत. आणि एक चावा अगदी लहान होता. दुधाच्या दातांचा.

७ मे
रुपचंदला मी गाठलं. आखाजीला तो का उठून गेला, एवढंच विचारलं. तो चहाच्या टपरीमागे उकिडवा बसला आणि रडला. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

सुपडू सुरतेला गेलाच नाही. भंगारात एक बंद नळकांडं आलं होतं. ती आधी कापून उघडायची असतात, पण घाई होती. ते भट्टीत फुटलं. सुपडू काठावर होता. काढण्यासारखं काही उरलं नाही.

कामगारांनी काम थांबवलं. ज्यात माणूस गेला तो रस विकायचा नसतो, पुरायचा असतो, असा भट्टीवाल्यांचा रिवाज. त्या रसाच्या सळयांना त्यांनी हात लावला नाही. तेव्हा चंदन सर म्हणाले, विकायचा नाही ना? मग दान करू.

सभामंडप. तो खांब.

त्याची आई रोज त्याला टेकून बसते.

८ मे
सरांच्या केबिनमध्ये गेले, ओरडले. त्यांनी ओरडू दिलं. मग म्हणाले की हजेरीला सुपडूचं नावच नाही, तो ठेकेदाराचा माणूस. मी तोंड उघडलं तर भट्टी बंद, मग या सगळ्या पोरांना सुरतेचं तिकीट मीच काढून द्यावं. माझंच वाक्य माझ्या गालावर मारलं. वर म्हणाले, आखाजीसारखंच बोला बाराला. तुमची जीभ म्हणजे सोनं आहे.

बाहेर आले. भंगाराच्या मैदानावर कोणी नव्हतं. रुग्णवाहिकेचं ते दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. वारा नव्हता.

९ मे
झुंबरबाईंना सांगायचं होतं. त्यांनी मला जेवायला वाढलं, दोन ताटं. दुसरं कोणाचं, विचारलं. म्हणाल्या, तुझ्यासोबत जो येतो त्याचं. भुक्या शे बिचारा.
मी सांगू शकले नाही. शंभर सभा गाजवल्या आणि एका बाईला एक वाक्य —

दुसरं ताट रिकामं झालं. तरी झळ हलली नाही. मागून आणखी एक आली. आणि डावीकडून.

१० मे
एकटा नाही तो.

मी म्हटलं होतं, ज्यांचा ज्यांचा अंश आहे. जहाजं फोडताना गेलेले. खाणीत गेलेले. त्या भोकं पडलेल्या चिलखतांच्या आतले. ती तीनचाकी ज्याची —

अंगण तापलं आहे, पण पट्ट्यापट्ट्यांनी. रांग आहे. माझ्या दारापासून फाट्यापर्यंत.

बोलतात. भाषा कळत नाही. मागणं कळतं.

११ मे
खाल्लं नाही. घास तोंडाशी नेला की बोटांना चटका.
अमळनेरला निघून जावं म्हणून फाट्यावर गेले. जीपच्या दांडीला हात लावला आणि — तीही लोखंडाचीच. एसटी लोखंडाची. रूळ लोखंडाचे. घरच्या स्लॅबमध्ये, आईच्या तव्यात —

जाणार कुठे?

परत आले. उद्या सांगणार. आधी झुंबरबाईंना, मग सगळ्या गावासमोर, माइकवर, नाव घेऊन. सुपडू. सुपडू. भट्टी बंद पडली तर पडू दे. माणसं खाऊन जगणाऱ्या कामाला मी काम म्हणणार नाही.

१२ मे
सकाळ. सभामंडपात बसून लिहिते. खुर्च्या मांडल्या आहेत. अधिकाऱ्यांच्या गाड्या अजून यायच्या आहेत. लिहीत राहिले की ऐकू कमी येतं.

सांगितलं. खांबाजवळ बसून, झुंबरबाईंचा हात धरून सांगितलं. त्या रडल्या नाहीत. खांबावरून हात फिरवत राहिल्या, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणाल्या, माले ठाऊक व्हतं माय. कोनी सांगेना म्हणून मी बी मानेना.

मग घरून खापरीत निखारे आणले. तूप, पोळीचा घास. खांबाशी ठेवला आणि हाक मारली. "सुपडू, ये रे बेटा, जेवाले ये."

घास जळाला. सगळा. खांबातून श्वास सोडल्यासारखं काही आलं. मी हात लावला.
गार. माठासारखा गार.

तेव्हा त्या रडल्या. मीही. वाटलं, संपलं.

पण दुसरे खांब —

ते तापत चालले आहेत. छत. खुर्च्यांचे पाय. माइकची दांडी लाल दिसते आहे, उन्हामुळे असेल, ऊन इथे येत नाही. पहिल्या ओळीतल्या खुर्च्या एकेक करून दबल्या, कोणी बसल्यासारख्या. मग दुसरी ओळ. गर्दी होते आहे. गाव अजून आलंच नाही.

सगळ्यात पुढे एक ठेंगणी झळ आहे. माझ्या गुडघ्याएवढी.

झुंबरबाईंना म्हटलं, आई, आणखी निखारे, यांनाही वाढा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. नावं सांग म्हणाल्या. मला एकही नाव माहीत नाही. कोणत्या देशाचे, कोणत्या —

त्यांनी खापरी उचलली. पदराने डोळे पुसले. "तूच बलायं, तूच वाढ."

गेल्या.

पोळी नाही माझ्याकडे. तूप नाही. वाढायला काहीच नाही, फक्त मी —

गुडघ्याला चटका. लहान हात आहे. ओढतो आहे. नाव काय रे तुझं, मी विचारते आहे, नाव सांग, तुझं नाव सां