परसातल्या भिंतीचं काय करायचं

मी, खाली सही करणारा वेल्डर, वय चोवीस, लग्न नाही, शाळा सातवीपर्यंत, आज पूर्ण शुद्धीत, दारूचा थेंब न घेता, माझ्या माघारी काय करायचं ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात कामावर पायाखालची फळी निसटली आणि मी कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत राहिलो. तेव्हा देव आठवला नाही, काका आठवले. मी गेलो की हे गोड बोलून आईची सही घेतील आणि परसातली भिंत घशात घालतील.

म्हणून आजीनं माझ्या नावावर केलेलं घर, परस आणि ती भिंत मी एकट्या आईला देतो. आई, कुठेही सही करू नकोस.

युद्धाच्या काळात सैनिकांनी वरच्या गल्लीतली माणसं त्या भिंतीपाशी उभी करून मारली. खालच्या गल्लीनं त्यांना वाट दाखवली, असं म्हणतात. काका वरच्या गल्लीच्या समितीत. त्यांना भिंतीवर स्मारकाचा फलक लावायचाय, आणि त्यावर ‘कत्तल’ हवं. मामा खालच्या गल्लीचे, त्यांना ‘चकमक’. दोघं मला सहीसाठी फोन करतात. जेवलास का, असं कोणी विचारत नाही.

चकमकीत सगळ्यांना पाठीतच गोळ्या कशा लागल्या, असं मी मामांना विचारलं होतं. “तू फार शिकला नाहीस,” म्हणाले. त्यांना माझी मोटारसायकल द्यावी. तिला आरसे नाहीत. मागचं बघायची त्यांना गरज पडत नाही.

काकांना मेलेल्यांची नावं विचारली, तर दोन सांगून अडखळले. समितीचे सभासद मात्र पदांसकट घडाघडा सांगितले. त्यांना मी जोडलेली लोखंडी खुर्ची. व्यासपीठावर शोभेल. एक पाय आखूड आहे.

मी कामावर मेलो तर काका ‘बलिदान’ म्हणतील, साहेब ‘किरकोळ अपघात’. दोन्ही नको. फळी कुजकी होती, असं लिहावं.

फलक लावायचाच झाला तर आईनं आजीचे शब्द लावावेत. आजी तेव्हा लहान होती. त्या दिवसाला तिनं कधी नाव दिलं नाही. एवढंच म्हणायची: “बाबांना बाहेर बोलावलं. चुलीवर दूध होतं. ते उतू गेलं, कोणी उतरवलं नाही.” खाली कुठल्याही समितीचं नाव नको.

ठिकाण: मजुरांची खोली, खिडकीकडची खाट. वार रविवार, पगाराच्या दुसऱ्या दिवशी.

सही: वेल्डर

साक्षीदार: क्रेनवाला आणि स्वयंपाकी. दोघांना सगळं वाचून दाखवलं. स्वयंपाकी म्हणाला, “आमच्या गावातही अशी एक भिंत आहे.” क्रेनवाला म्हणाला, “भिंत नाही, विहीर.” दोघं एकाच गावचे. म्हणून सह्या कागदाच्या दोन टोकांना घेतल्या आहेत.