दुपारी एक ते दोन

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरीचा भागाकाराचा पेपर आला. वीसपैकी तीन.

घरच्या टॅबवर मात्र माझी ही नऊ वर्षांची भाची नवव्या पायरीवर आहे. सलग एकसष्ट दिवसांची साखळी, वर सोनेरी मुकुट. ॲप आमच्या कंपनीचं. त्यातला भागाकार मी लिहिलेला.

बाईंची चिठ्ठी सोबत होती. तीन आठवड्यांनी पुन्हा पेपर. नाही जमलं तर मागच्या तुकडीत बसवणार. तिथे तिची एकही मैत्रीण नाही. ती जेवली नाही.

ताई म्हणाली, "मी तिसरीतून बाहेर पडलेली, मला काय कळणार त्यातलं? तूच बघ बाई." भावजी फिरतीवर. म्हणजे मीच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून आल्यावर तिला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. ८४ भागिले ६. तिने १२ लिहिलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय?"

"लाल होत नाहीये."

मग १३. पुन्हा माझ्याकडे. मग १४ — आणि लगेच, "हां, हे बरोबर!"

"कशावरून?"

"तुझ्या भुवया खाली आल्या."

भागाकार तिने केलाच नव्हता. माझा चेहरा वाचला होता.

हे तिला मीच शिकवलं आहे. ॲपमध्ये चुकीचं उत्तर लाल होतं आणि दोनदा चुकलं की बरोबर उत्तर हळूच पिवळं होतं. मुलं रडू नयेत म्हणून तो इशारा मी अर्ध्या दिवसात लिहिला होता. त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात विषय काढला. इशारा काढावा किंवा उशिरा द्यावा. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "मुलं खूश, आईबाप खूश, तुझ्याच पोटात का दुखतंय?" रोज बसणाऱ्या मुलांचा आलेख दाखवला. चढता आहे. पुढच्या तिमाहीत बघू, असं ठरलं. म्हणजे ठरलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या घरच्या खात्याची नोंद काढून पाहिली. संध्याकाळी भिंगरी: चूक, चूक, पिवळं, बरोबर. सगळं मिळून चार सेकंद. एका बैठकीत तीस तारे.

एक गोष्ट जुळत नाही. कामाच्या दिवशी दुपारी एक ते दोन याच खात्यावर वेगळीच नोंद आहे. एकेका गणिताला दोन-दोन मिनिटं. चुका थोड्या. चूक झाली की गणित सोडून पुन्हा पहिल्यापासून. पिवळं एकदाही नाही. भिंगरी तेव्हा शाळेत असते. नोंदीच्या घड्याळात घोळ असणार. सवडीने तपासायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार

टॅबवरून ॲप काढून टाकलं. भिंगरी रडली, मग विचारलं की मुकुट कुठे जातो. कुठेच जात नाही, असं सांगितलं. खरं तेच आहे.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आजच काढायला हवं होतं का?"

"हो."

"साखळी तुटेल ना."

"तुटू दे."

तिने हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चेहरा कोरा ठेवून बसते. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. भिंगरी वाकून बघते आणि म्हणते, "मावशी, तू बंद पडलीस का?"

हसू आलं. तिने तेही मोजलं आणि उत्तर बदललं.

मग तिला ताळा शिकवला. उत्तराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची, मूळ आकडा आला तर बरोबर. कोणाला विचारायचं नाही. "मग तू कशाला बसतेस?" असा प्रश्न आला. मी पुढचं गणित लिहून दिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहापैकी एक. दोघीही दमलो. दिवसभर ऑफिसात तेच तारे, तेच मुकुट.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सहापैकी पाच. चौथ्या गणिताला ताळा जुळला नाही, तेव्हा तिने स्वतःच खोडलं. मान वर केली नाही. मी तिथे आहे हे ती विसरली होती. गेल्या तीन आठवड्यांतली एवढीच चांगली पाच मिनिटं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वीसपैकी तेरा. तुकडी तीच राहिली. भिंगरी दोनदा जेवली.

ताईने पेपर मागून घेतला. मला वाटलं, वरचे गुण बघेल आणि ठेवेल. ती खिडकीपाशी उभी राहून एकेक गणित बघत होती. ६१८ भागिले ६ पाशी थांबली. भिंगरीने १३ लिहिलं होतं.

"मधलं शून्य खाल्लं बघ हिने. एकशेतीन यायला हवं."

मी हो म्हटलं आणि हात धुवायला गेले. नळाखाली हात धरल्यावर ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळ तपासलं. बरोबर आहे. दुपारी एक ते दोन भिंगरी शाळेत, मी कामावर, घरी फक्त ताई. भिंगरी आठवड्यातून चारच दिवस बसायची. साखळी तुटू न देणारी ती नव्हतीच.

माझ्या जन्माच्या वर्षी ताईची शाळा सुटली. मला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून.

उद्या दुपारची रजा टाकली आहे. एक नवी वही घेतली. तिला काय म्हणून द्यायची ते अजून सुचलेलं नाही.