या वेळी पंच तू

प्रिय ठोंब्या,

तुझ्या शाळेच्या पोरी फुटबॉलच्या फायनलला पोचल्याचं तुझ्या बायकोकडून कळलं. तू स्वतः कळवशील तर शपथ! फोनवर तू दोन वाक्यांपुढे सरकत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात एका हॉस्पिटलात बैठक चालवायला गेले होते. पाच भागीदार डॉक्टर आणि प्रश्न एकच, बाळंतपणाचा विभाग ठेवायचा की बंद करायचा. बंद करायचं त्यांनी आधी दोनदा ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा विभाग चालूच राहिला. तू चिडवतोस ना, की लोक भांडतात आणि ताईचं पोट भरतं? इथे भांडणच नव्हतं, तीच तर मेख होती. मोठे डॉक्टर आधी बोलायचे, बाकीचे माना डोलवायचे. मी मधलं टेबल बाहेर काढायला लावलं, खुर्च्या गोल मांडल्या आणि मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, तुम्ही सगळ्यांत शेवटी. लहानपणी कडू औषध बघून तुझं तोंड व्हायचं, अगदी तसं त्यांचं झालं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "मी हो म्हटलंच नव्हतं. मी नुसती गप्प होते." तिथून खरं बोलणं सुरू झालं. दुपार गेली, आवाज चढले, एकजण तर दार आपटून बाहेर जाऊन परत आला. शेवटी विभाग ठेवायचं ठरलं, आणि त्याचा खर्च भागवायला नव्या मजल्याचं बांधकाम रद्द झालं. उठण्याआधी प्रत्येकाकडून मी वदवून घेतलं, काय ठरलं आणि उद्या सकाळी ज्याने-त्याने काय करायचं. आमच्या धंद्यातलं शहाणपण ते एवढंच. आणि मला तिथे मत नसतं. पंचाने चेंडूला पाय लावायचा नाही, हे तुला मी काय सांगणार!

येताना आईकडे उतरले. तिचं कोपर काळंनिळं झालंय. न्हाणीघरात घसरली. कुणाला सांगू नकोस म्हणाली, म्हणून तुला सांगतेय. बाबा गेल्यावर आपण दोनदा ठरवलं, की आईनं दादाकडे राहायचं. दादा बोलला, आपण माना डोलावल्या, आई "बरं" म्हणाली. तिची बॅग अजून दाराशी भरलेली आहे, आणि रोज सकाळी त्यातलेच कपडे काढून ती घालते. धुऊन, घड्या घालून परत बॅगेतच ठेवते. मला आधी हसू आलं. अशी एकटी ती आता फार दिवस राहू शकणार नाही रे.

रविवारी आपण आईचं ठरवायला जमतोय. दादाचा फोन आला, "तूच चालव, तुझं कामच आहे ते." मी नाही म्हटलं. ती खुर्ची तू घे. आईला सगळ्यांत आधी बोलू दे, दादाला सगळ्यांत शेवटी. तो रागावेल, पण शेंडेफळावर त्याचा राग टिकत नाही. शिट्टी मात्र घरी ठेव. मी दुसऱ्यांना बोलतं करण्यात इतकी वर्षं घालवली, आता मला बोलायचंय. मला आई माझ्याकडे हवी आहे. आणि ती नको म्हणाली, तर तिचं म्हणणं माझ्या तोंडून वदवून घे. "हो, हेच म्हणायचंय मला," असं ती म्हणेपर्यंत मला उठू देऊ नकोस.

तुझीच,
एकदा तरी बाजू घेणारी
ताई