मुलींना कोच मिळाला

१ सप्टेंबर, सोमवार
कॉलेजात मुलींच्या व्हॉलीबॉल टीमचा कोच म्हणून रुजू झालो. सध्या करारावर. प्राचार्य म्हणाले, अठरा तारखेची मॅच जिंकून टीम पुढं गेली तर करार वाढवू, नाहीतर राम राम. मी म्हणालो, सर, जिंकलीच म्हणून समजा. त्यांनी समजल्यासारखं केलं नाही. माणूस खेळातला नाही.
सासुरवाडीला फोन करून परमनंट झालो म्हणून कळवलं. सतरा दिवसांचाच तर फरक आहे.

२ सप्टेंबर, पहाटे ५ (अलार्म ५ चा. उठलो ८ ला.)
संकल्प: साखर बंद. मैदा बंद. रोज पाच किलोमीटर. फिटनेस प्रोफेशनलचं शरीर हेच त्याचं व्हिजिटिंग कार्ड. कागदाचं कार्डही छापून आलं. त्यावर 'माजी विद्यापीठ खेळाडू' टाकलंय. बारावा होतो, एकदाही उतरवलं नाही, पण बेंचवरून गेम जेवढा दिसतो तेवढा आतून दिसत नाही.
संध्याकाळी गुलमंडीवर ट्रॅकसूट घेतला. डबल एक्सएल. या कंपनीचे साइज लई छोटे येतात. शेजारी गरम इमरती तळत होते. साखर उद्यापासून बंद.

४ सप्टेंबर, गुरुवार
पहिली प्रॅक्टिस. मानसिकता या विषयावर पन्नास मिनिटं बोललो. कॅप्टन जन्नत ही टीमची लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी. उंची पाच फूट, जीभ सहा फूट. तिनं विचारलं, सर, बॉल कधी काढायचा? उतावीळ पिढी.
स्मॅश मारणारी मोनिका म्हणाली, आमचं रिसिव्ह कच्चं आहे, तेवढं पक्कं करून घ्या. मी म्हणालो, रिसिव्ह म्हणजे बचाव. वाघ बचाव करत नाही. यावर जन्नत शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली आणि सगळ्या खोकायला लागल्या. हवा खराब आहे सध्या.

९ सप्टेंबर, मंगळवार
स्मॅश स्वतः करून दाखवला. उडी उत्तम. उतरताना जरा गडबड झाली. नेट गळ्यात, मी जमिनीवर, कमरेत चमक. पडल्या पडल्या मुलींना समजावलं की उतरताना काय करू नये ते दाखवलंय. मोनिकानं विचारलं, उठताना काय करू नये तेही दाखवताय का सर? चौघींनी उचलून रिक्षात घातलं.
घरी रूपाली बाम चोळताना म्हणाली, अहो, तुमचं काम शिट्टी फुंकायचं होतं ना? पिकतं तिथं विकत नाही. अगदी बायकोकडंही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार
आठवडाभर पलंगावरून कोचिंग. चौदा व्हॉइस नोट पाठवल्या. सगळ्यात छोटी सात मिनिटांची. एकीनंही उघडलेली नाही. प्रॅक्टिसमध्ये एवढ्या बुडाल्यात की फोनला हात लावत नाहीत. ऐकलं की रोज सकाळी सहाला आपापल्या येतात आणि फक्त रिसिव्ह घोटतात. मार्गदर्शन कुठंतरी झिरपतंय.
पाच किलोमीटर कंबर बरी झाली की.

१७ सप्टेंबर, बुधवार
मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. प्राचार्य म्हणाले, उद्या मॅचला येतो. मी म्हणालो, या सर, फक्त माझ्याकडं बघत राहा.
दुपारी झोप येईना. टीम हरली तर सासऱ्यांना काय तोंड दाखवू? लई भीती वाटतेय. (ही ओळ नंतर खोडायची.)

१८ सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळी ७
सविस्तर लिहितो. गैरसमज नको.
मॅच चिकलठाण्याला. मुकुंदवाडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. पोचेपर्यंत पहिला सेट आपण जिंकला होता.
दुसरा सेट. २१–१६, आपण पुढं. जन्नतची सर्व्हिस, सलग सहा पॉइंट. आपला हात असा बसलेला असताना टाइम-आउट घेत नसतात, हे मलाही कळतं. पण प्राचार्य नुकतेच येऊन बसले होते. कोच काम करताना दिसायला नको? घेतला. तीस सेकंदांत मानसिकता थोडक्यात सांगितली. त्यानंतरची जन्नतची सर्व्हिस नेटमध्ये. सेट गेला २३–२५. मुलींना लय टिकवता येत नाही.
तिसरा सेट पंधराचा. ९–९. नेटवर आमच्या मुलींच्या हातांना लागून बॉल बेंचकडं आला. मोनिका जीव खाऊन पळत येत होती. पण अंगातला खेळाडू जागा झाला आणि बॉल मीच उचलला. सुंदर उचलला, हे आधी नोंदवतो. पंचांनी शिट्टी मारली. कोचनं बॉलला हात लावला, पॉइंट समोरच्यांना. ९–१०. मी पंचांना नियम समजावला. जरा मोठ्यानं. त्यांनी एका हातात पिवळं कार्ड धरलं, दुसऱ्यात लाल. म्हणजे मॅच संपेपर्यंत मैदानाबाहेर.
गेटबाहेर शेंगदाणेवाल्याशेजारी उभा राहिलो. भिंत उंच, दिसेना काही. मग आतून एकदम मुलींच्या किंकाळ्या. कुणीतरी ओरडलं, १५–१०! सलग सहा पॉइंट! डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. शेंगदाणेवाल्याला सांगितलं, माझी टीम आहे. तो म्हणाला, मग भाऊ, तुम्ही बाहेर काय करायले?

२० सप्टेंबर, शनिवार
प्राचार्यांनी बोलावलं. पेढा दिला. मैदा नसतो, खाल्ला. म्हणालो, सर, टीम पुढं गेली, आता ठरल्याप्रमाणं करार. ते म्हणाले, तुम्ही आत असताना काय झालं ते बघितलं, बाहेर गेल्यावर काय झालं तेही बघितलं. पुढच्या मॅचला मुलींबरोबर केमिस्ट्रीच्या वहिदा मॅडम जातील.
मी विचारलं, वहिदा मॅडमना व्हॉलीबॉलमधलं काय कळतं? ते म्हणाले, काहीच नाही. म्हणून त्या गप्प बसतात.

२१ सप्टेंबर, रविवार
सकाळी जन्नतचा फोन. म्हणाली, सर, करार का सुना, बुरा मत मानो, पण पुढच्या मॅचला तुम्ही यायलाच पाहिजे. सगळ्या मुलींचं म्हणणं आहे. मी लगेच म्हणालो, बेटा, का नाही येणार, पहिल्या सेटपासून येतो.
ती म्हणाली, फक्त आमच्या बेंचमागं बसू नका. समोरच्या टीमच्या बाजूनं बसा. आणि त्यांच्या पोरींना मानसिकतेचं जरा सांगा.
मागून मोनिकाचं खोकणं ऐकू आलं.
रूपालीनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, मॅचला बोलावलंय. बाकीचं तिला सांगितलं नाही.