माझ्या नावाने वाजणारा ठेका

मी, धैर्यशील नाथाजी जगदाळे, वय तेवीस, मूळ राहणार रहिमतपूर, सध्या मुक्काम माधवनगर, धंदा गाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं तापट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण आज ते ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही, दबाव कुणाचा नाही. वकिली अर्ध्यात सोडली, तरी एवढा कागद करण्यापुरती शिकलो होतो.

१. कारण. आमचा बँड ‘बंद गिरणी’ इथल्या एका बंद सूतगिरणीच्या गोदामात उभा राहिला. गॉथिक रॉक म्हणजे काय ते घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “म्हंजे काळी कापडं घालून रडायचं, व्हय?” साधारण तेच. कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता आमचं गाणं शिलाँगपर्यंत पोचलं, ते आमचा वादक गुंडा याच्या हलगीमुळे. त्याच्या घरात प्रेतयात्रेपुढे वाजवायचा एक ठेका आहे. तालमीत त्याने तो सहज धरला आणि मी हट्टाला पेटलो, हाच गाण्यात घ्यायचा.

“गड्या, ह्यो रिकामा वाजवत न्हाईत. कुणाच्या तरी नावानं वाजतो. आन् विसाव्यालाच थांबवायचा आसतो,” गुंडा म्हणाला. विसावा म्हणजे स्मशानाआधी तिरडी खाली टेकवतात ती जागा.

ब्राह्मी की-बोर्डवर होती. तिच्यासमोर मी कशाला मागे सरतोय! “मग वाजव की माझ्या नावानं!”

“शहाणाच आहेस,” ब्राह्मी म्हणाली.

रेकॉर्डिंगमध्ये शेवट हळूहळू विरत नेला. म्हणजे ठेका थांबलेलाच नाही.

तेव्हापासून आमच्या फोटोवाल्या पल्लवीने काढलेल्या एकाही फोटोत माझे डोळे उघडे नाहीत. माइक तोच, पण प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आणखी लांबून येतो. रहिमतपूरला गच्चीवर जेवत होतो. कावळा आला आणि मी ताट धरलेलं असताना त्यातला भात खाऊन गेला. आईने ते ताट घासलं नाही, फेकून दिलं. कुठेतरी कुणीतरी गाणं लावतं आणि मी चार पावलं पुढे नेला जातो. गाणं लय चाललंय.

२. माझा लांब काळा कोट वडिलांना. त्यांनी त्याला नावं ठेवली, पण आरशासमोर तो घालून सलाम ठोकताना मी त्यांना पाहिलंय. थंडीत शेतावर घालावा.

३. साताऱ्यात गॅदरिंगला “भुताटकी बंद करा” म्हणत ज्याने आमची वायर उपटली, त्या दादासोला ती वायर. जपून ठेवली होती. गळ्यात घालून मिरव म्हणावं.

४. ठेका गुंडाच्या घरचा आहे. त्यावर बँडचा हक्क नाही.

५. बाकी सगळं ब्राह्मीला. गिटार, गाण्यातला माझा वाटा, आणि तिची काजळाची डबी, जी हरवली असं मी सांगत आलो. तिला लग्नाचं विचारून झालंय. “आधी सुरात गा,” म्हणाली.

६. शनिवारी सांगलीत कृष्णाकाठी कार्यक्रम आहे. तिथे गाणं विरवायचं नाही. गुंडाने ठेका विसाव्यापर्यंत न्यावा आणि थांबवावा. मग माझं जे व्हायचं ते होईल, गुंडाला कुणी बोल लावू नये. त्याच्या आज्याने एकदाच हा ठेका घराकडे उलटा वळवला होता, तिरडीवरचा माणूस हलला तेव्हा. बायकोने समोर उभं राहून पूर्ण नावाने हाक मारली होती. “मागनं मारलेली चालत न्हाई. फुडनंच पायजे,” गुंडा सांगतो. हाक मार असं मी कुणालाही सांगणार नाही. मागून मिळालेली मला नको. ब्राह्मी तर मला ‘ए’ म्हणते, नाव घेत नाही.

७. अट. जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला यातलं काहीही मिळणार नाही. लाभ घेणाऱ्याने साक्ष देऊ नये, एवढं एकच लॉ कॉलेजातल्या सरांचं मला पटलं होतं. म्हणून साक्षीला पल्लवी आणि आमचा बेस वाजवणारा अतिशय.

ठिकाण: माधवनगर, जि. सांगली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४
लिहून देणार: धै. ना. जगदाळे (सही)

साक्षीदार १: पल्लवी (सही). सही करतानाचा तुझा फोटोही तसलाच आलाय रे.

साक्षीदार २: अतिशयला मी उठवलं. अट वाचली. मला यातलं काही नको, आणि डबी माझीच होती. शनिवारी मी की-बोर्डवर नसेन, गुंडाच्या पुढे उभी असेन. धैर्यशील नाथाजी जगदाळे, कान उघडे ठेव.
ब्राह्मी मदन उपाध्ये (सही)