धुतलेले दगड

मनीषनगर, नागपूर
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आई,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघं बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? शेजारची पायल आज उमरेडला येते आहे, तिच्याच हाती हे पत्र देते. फोनवर बोलले असते, पण बाबा स्पीकर लावायला लावतात.

प्रशिकनी हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी मांडली आहे, हे तुला माहीत आहे. आरओच्या पाण्यात खास मीठ कालवलं, दगड रचले. पण मासे लगेच सोडता येत नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया नावाचं विष तयार होतं. ते संपवणारे बारीक जिवाणू आधी दगडांवर आणि फिल्टरमध्ये वाढावे लागतात. त्याला महिना-सव्वा महिना जातो. तोवर बाटलीतला अमोनिया थोडा थोडा घालायचा आणि काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासायचं. हिरवा रंग आला तर विष आहे, पिवळा आला तर नाही. हे काम माझ्याकडे. मी तपासायच्या औषधाचे थेंब मोजून टाकते, घड्याळ लावून थांबते. पिवळा आला त्या दिवशी प्रशिकनी दोन मासे सांगून टाकले. येत्या रविवारी दुकानदार आणून देणार.

दुसऱ्याच दिवशी दगडांवर तपकिरी थर दिसला. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. प्रशिक यायच्या आत मी सगळे दगड काढून मोरीत नळाखाली ब्रशने घासले. फिल्टरचा स्पंजही पिळून पिळून धुतला. संध्याकाळी ते म्हणाले, "काच पुसली का वं? मस्त दिसून राहिली." मी हो म्हटलं.

तो थर आपोआप जातो, हे नंतर वाचलं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणूच मेले. सोमवारपासून रंग हिरवा येतो आहे, आणि फ्रिजवरच्या नोंदीच्या कागदावर मी रोज शून्य लिहिते आहे.

दोन जीव आहेत, आई. पहिलं शील, जीव घेऊ नये, तू मला आकडे शिकवायच्या आधी शिकवलंस.

काल सकाळी दुकानदाराला चोरून फोन केला, मासे इतक्यात आणू नका म्हणून. तो हसला. "अवो ताई, टेन्शन काहून घेता? साहेबांले सांगून देतो, माल नाही आला म्हणून." मी "बरं" म्हटलं. किती सोपं होतं! फोन ठेवला आणि तुझा आवाज ऐकू आला, "बाप यायच्या आत उचल वं."

तुला रेडिओ आठवतो? माझ्या हातून पडला होता. मी नऊ वर्षांची. तू बाबांना म्हणालीस, मीच पाडला. त्यानंतर आठ दिवस तू पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घातलंस, भर मे महिन्यात. मी काहीच बोलले नाही. अजूनही बोललेली नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. काल संध्याकाळी मी नळी घेऊन उभी होते. प्रशिक मागून आले आणि वरच्या फळीवरून काहीतरी काढायला त्यांनी हात उचलला. माझे दोन्ही हात डोक्यावर गेले. नळी पडून फुटली.

ते तसेच थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "काहून वं? मी मारतो का तुले?"

मी म्हटलं, "काच उचलते." काच त्यांनीच उचलली. जेवताना एक शब्द नाही. आज सकाळी डबा घेतला, दाराशी जरा थांबले आणि गेले.

खरं सांगू? मला त्यांची भीती वाटते. त्यांनी आजवर आवाजही चढवलेला नाही. तरी जिन्यात पाऊल वाजलं की मी आधी घरभर नजर फिरवते, काय सांडलं, काय राहिलं. ते गप्प असले की जास्तच. बाबाही आधी गप्पच असायचे.

दुकानदाराला आत्ताच फोन करून सांगितलं, तुम्ही काही खोटं सांगू नका, मी सांगते. तो म्हणाला, "पाहा बा, तुमची मर्जी."

घरातलं बाहेर सांगू नये, असं तू शिकवलंस. ते मी आजवर पाळलं. पण प्रशिकना वाटतं आहे की त्यांच्याच हातून काही चुकलं, आणि हे मला सहन होत नाही. सहा वाजता येतील. दगडांचं सांगेन, कागदावरच्या शून्यांचं सांगेन. आणि त्यांनी विचारलं त्याचं उत्तर देईन. तुम्ही नाही. बाबा.

तुला विचारत नाहीये, आई. कळवते आहे. रागावू नकोस. आणि रागावलीस तरी इकडे ये.

तुझ्याइतकीच घाबरलेली,
रितिका